गाडीनं केवढ्याले पडते?

आमच्या वऱ्हाडात तिकिटाची किंमत सहसा कोणी विचारत नाही. खिडकीशी येऊन माणूस विचारतो, "बाई, अकोल्याले गाडीनं केवढ्याले पडते?" या 'पडते'मध्ये बरंच काही येतं. घरून स्टेशनपर्यंतचा आटो, वाटेतला चहा, उतरल्यावरचा आटो, ऐनवेळी निघालेल्या सासूबाईंचं तिकीट, आणि गाडी चुकली तर काय, तेही. मी सगळी नोकरी बुकिंग क्लार्क म्हणून काढली, बहुतेक बडनेऱ्याला आणि मधली काही वर्षं अकोल्याला. पडद्यावर जे भाडं दिसे ते मी सांगत असे, पण समोरचा तेवढ्यावर हलत नसे. "थे तं तिकीट झालं. पडते केवढ्याले?"

सुरुवातीला मला याचा भारी राग यायचा. मागे रांग लागलेली, गाडी यायच्या बेतात, आणि हा बाबा मला त्याच्या घरचा हिशोब विचारतोय. पुढे सवय झाली, आणि खोटं कशाला सांगू, गोडीही लागली. रांग नसली की मीच उलट विचारायचे: राहता कुठं, सामान किती, सोबत म्हातारं कोण आहे? आणि कधी कधी सरळ सांगून टाकायचे, "तुम्हाला एसटीच बरी." रेल्वेचा पगार खाऊन एसटीला गिऱ्हाईक धाडणारी बाई म्हणून आमचे साहेब मला चिडवत.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. रेल्वेचं भाडं लांब जाल तसतसं किलोमीटरमागे उतरत जातं. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं, आणि शेवटचा टप्पाही पहिल्याच भावाचा असतो. म्हणून जवळच्या गावाला दोन्हींत थोडाच फरक दिसतो आणि लांबच्या गावाला रेल्वे फारच स्वस्त पडते. अकोल्यात एक कापडवाले शेठ होते, त्यांना हे काही केल्या पटेना. नाशिकला जायचं असलं तरी ते भुसावळपर्यंतचंच तिकीट घेत आणि पुढचं तिथे उतरून काढत. मी समजावलं की सलग घेतलं तर कमी लागेल, तर म्हणाले, "मॅडम, एकदम मोठा तुकडा फाडला का माल अडकते." शेवटपर्यंत ते भुसावळला उतरून धावत खिडकी गाठत राहिले. एकदा त्यात गाडीही गेली, तरी नियम मोडला नाही.

दुसरी गंमत बडनेऱ्याची. मेन लाइन बडनेऱ्याहून जाते आणि अमरावती जरा आत आहे. बाहेरचा माणूस बडनेऱ्याला उतरतो, अमरावती आली म्हणून खूश होतो आणि मग आटोवाल्याचा भाव ऐकतो. विद्यापीठात पेपर तपासायला, वाटेत अकोल्याला मुक्काम करून आलेले पुण्याचे एक प्राध्यापक थेट माझ्या खिडकीवर आले होते. "अहो, अकोल्याहून इथवर रेल्वेने आणलं त्याच्या कितीतरी पट हा रिक्षावाला मागतोय! काहीतरी करा!" आता त्यात मी काय करणार? मी त्यांना बाहेर माणशी भाड्याने जाणारे आटो कुठे लागतात ते सांगितलं. परत जाताना ते मुद्दाम सांगायला आले की आटोत मांडीवर एका बाईंची कोंबडी होती, पण प्रवास परवडला.

आणि लग्नाची वऱ्हाडं. वऱ्हाडातलं वऱ्हाड म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. मूर्तिजापूरकडचे एक गृहस्थ मुलाचं लग्न ठरवून आले होते. विचारलं, "बाई, वर्ध्यापर्यंत गाडीनं केवढ्याले पडते?" मी म्हटलं, माणसं किती? "असतीन साठेक. मामाकडचे आले तं शंभर. अन् मामाच्या सासरचे रुसले नाई तं मंग काई सांगता येत नाई." मी म्हटलं, दादा, रेल्वे डोकी मोजते, भाड्याची बस चाकं मोजते. तुम्ही बस करा. त्यांनी काय केलं, बाप्ये बसने नेले आणि बायका गाडीने. लग्न झाल्यावर बुंदीचे लाडू घेऊन खिडकीवर आले. "बाई, तुमचा हिशोब बराबर होता, बस सस्ती पडली. पन बसवाले निरा झोपून आले अन् गाडीवाल्या गानी म्हनत आल्या. आता सांगा, महाग काय पडलं?" मी लाडू खाल्ला.

रिझर्वेशनच्या खिडकीवर होते तेव्हा मात्र मागण्या सगळ्यांच्या एकसारख्या. "खिडकी द्या, खालचं द्या, अन् संडासाजवळचं नको." तिकीट देशाच्या राजधानीचं असो की जवळच्या शेगावचं, 'संडासाजवळचं नको' हे ठरलेलंच. जागा संगणक देतो, माझ्या हातात काही नसतं, हे सांगून सांगून तोंड दुखायचं. स्वतःहून त्या जागेवर बसणारा माणूस मी सगळ्या नोकरीत पाहिला नाही.

निवृत्त झाल्यावर अमरावतीत बडनेरा रोडकडच्या कॉलनीत राहायला आलो, तर भिंतीला भिंत लागून कोण निघावं? एसटीचे निवृत्त कंडक्टर. इंगळेभाऊ. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, अंगाने काडी, पण आवाज असा की फाटकातून बोलले तरी चौकातल्या पानठेल्यावर ऐकू जावं. पहिल्याच दिवशी ओळख झाली तेव्हा म्हणाले, "म्हंजे तुमी बुकिंगबाई! खिडकीच्या आंदर बसून पैसे घेनार, पंख्याखाली. आमी उभ्यानं तिकिटं फाडली."

तेव्हापासून आमची जी जुंपली ती जुंपलीच. मी म्हणायचे, गाडी स्वस्त. ते म्हणायचे, "गाडी सस्ती, आन स्टेशनावरून घरी कोन नेईन, इंजिन?" मी म्हणायचे, रेल्वे खड्ड्यातून जात नाही. ते म्हणायचे, "येष्टी फाट्यावर थांबते. तुमची गाडी थांबते का कोनासाठी?" त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणते. त्या आणि आमचे हे मधल्या भिंतीवर चहाचे कप ठेवून मजा बघत बसत.

मग सरकारने पंचाहत्तर ओलांडलेल्यांना एसटी मोफत केली आणि बायकांना अर्धं तिकीट. इकडे रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत कोरोनात बंद झाली ती बंदच राहिली. भाऊंनी पेढे वाटले. शून्य रुपयांचं तिकीट त्यांनी मला फाटकातून आणून दाखवलं. "पाहा बुकिंगबाई! झिरो! आता बोला, केवढ्याले पडते?" फुकटापेक्षा स्वस्त कुठून आणू?

तेव्हा भाऊ महिन्या दोन महिन्यांनी वहिनींना घेऊन अकोल्याला जात. त्यांची एकुलती एक मुलगी, मंगला, तिथे शिक्षिका आहे. जाताना बसस्टँडवर सगळे कंडक्टर-ड्रायव्हर नमस्कार, जयभीम करत, पुढची सीट देत. आल्यावर दोन दिवस त्याच गप्पा चालत.

गेल्या वर्षी हे अचानक थांबलं. मंगलाने अकोल्यात घर बांधलं. आयुष्यभर भाड्याच्या घरात काढलेल्या मुलीचं स्वतःचं घर. बुद्धवंदना ठेवली, सगळे नातेवाईक गेले, वहिनीही पुतण्याबरोबर जाऊन आल्या. भाऊ गेले नाहीत. म्हणाले, गुडघा दुखतो. मंगलाने किरायाची गाडी पाठवते म्हटलं तर ओरडले, "जाताना आपन बसाचं आन येताना रिकामी गाडी, तिचेई पैसे द्याचे? येष्टी फुकट असून?" मग एसटीने या म्हटलं तर पुन्हा गुडघा. नंतर दिवाळी गेली, मंगलाचा वाढदिवस गेला. मंगला फोनवर आईजवळ रडली, "बाबाले मायं घर पाहाव वाटत नाई. कशाचा राग धरला त्याईनं, थे तरी सांगा." पुढे पुढे तिचे फोन कमी झाले. भाऊ फाटकात उभे राहायचे, पण वाद घालायचे नाहीत. मी मुद्दाम रेल्वेची बढाई मारून बघितली, तर नुसतं "हो" म्हणाले. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

एका दुपारी वहिनी शेवया घेऊन आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहूनच त्यांनी सांगितलं. "बाई, गुडघा नाई अन् काई नाई. याईच्यानं लघवी धरवत नाई आता. डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या, पन घडीघडी जा लागते." शेवटच्या खेपेला अकोल्याहून येताना मूर्तिजापूर सोडल्यावर भाऊंना लागली. बसमध्ये कंडक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती, चांगली हसतमुख, बाबा बाबा करून बोलणारी. "मी म्हनलं, मी सांगतो तिले. तं माया हात दाबून धरला. बोलूच देल्लं नाई." बडनेरा येईतो पँट ओली झाली. स्टँडवर सगळे उतरेपर्यंत भाऊ जागेवर बसून राहिले आणि मग पिशवी पुढे धरून खाली आले. त्या पोरीने उलट विचारलं, बाबा, चक्कर आली का, पाणी देऊ का? भाऊंनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"अन् यानंच व बाई," वहिनी म्हणाल्या, "आख्खी नोकरी लोकाइसाठी गाडी थांबवली. कोनी म्हातारं चुळबूळ करताना दिसलं का याचा हात दोरीवर. सिंगल बेल. डायवर बोंबलला तं म्हने, तुया बाप असता तं?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, जुन्या एसटीत छताला दोरी असते. कंडक्टरने दोनदा ओढली की डबल बेल, गाडी चालू. एकदा ओढली की थांब. सगळी गाडी त्या दोरीवर चालते. ज्याच्या हातात ती इतकी वर्षं होती, त्याला आता आपल्यासाठी ती दुसऱ्याने ओढावी असं म्हणवत नव्हतं. मला त्या माणसाची फार माया आली. आणि त्याच वेळी डोक्यात आलं की आगगाडीत संडास असतो! इतकी सोपी गोष्ट. पण मी जाऊन "भाऊ, रेल्वेने जा, तिथे सोय आहे" म्हटलं असतं, तर त्यांना कळलं असतं की वहिनी बोलल्या, आणि मग ते अकोल्यालाच काय, फाटकातही आले नसते.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी भांडायला गेले. म्हटलं, "भाऊ, तुमचं झिरो तिकीट पुरे झालं. घरातून निघून मंगलाच्या दारात पोचेपर्यंत सगळं धरलं, तर गाडीच परवडते. नसेल पटत तर चला, करून दाखवते. मी हरले तर कोजागिरीला सगळ्या कॉलनीसमोर कबूल करीन की एसटी भारी."

भाऊंनी फाटकाची कडी काढली. मग म्हणाले, "पास वापराचा नाई."

मला निवृत्तीनंतरही रेल्वेचा पास मिळतो, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, मंजूर, तिकीट काढते. "आन आटो धराचा. दोन्हीकडचा." मंजूर. "चहाई धराचा." मी म्हटलं, चहा तर एसटीच्या थांब्यावर पण पितो की! "मी पेत नाई," भाऊ म्हणाले. बसमध्ये ते घोटभर पाणीसुद्धा का पीत नव्हते, ते मला आता कळत होतं.

आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. भाऊ, वहिनी आणि मी. कॉलनीतून बडनेऱ्याला जाईस्तोवर भाऊंनी आटोवाल्याला भाडं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडे वळून मोठ्याने सांगितलं. रिझर्वेशन होतं, जागा डब्याच्या मधोमध, एक खिडकीची. ज्या मिळाल्या की लोक माझ्या खिडकीवर 'देव भला करो' म्हणून जात, तशा. आत शिरल्यावर मी दाराशी गेले. तिथे, अगदी संडासाला लागून, एक कुटुंब लहान लेकराला घेऊन नाक मुरडत बसलं होतं. मी म्हटलं, बदलता का जागा? मी वेडी असल्यासारखं त्या बाईने माझ्याकडे बघितलं, आणि माझा विचार बदलायच्या आत सामान उचललं.

"मला आत गुदमरतं," मी भाऊंना म्हटलं. "दाराशी हवा लागते." गाडी हलली. थोड्या वेळाने ते उठले, चार पावलांवर जाऊन आले, खिशातला कंगवा काढून केस विंचरले आणि बसले. मी पेपर वाचत होते. मूर्तिजापूरला ते स्वतः खाली उतरून तिघांना चहा घेऊन आले आणि चहाचे पैसेही मोठ्याने सांगितले. मग वहिनींच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि अर्धी पिऊन टाकली. वहिनींनी तोंड दाराकडे फिरवलं. बाहेर काळ्या शिवारात कपाशीला बोंडं लागली होती. पुन्हा एकदा भाऊ उठले, परत आले, आणि येताना तिकीट तपासनिसाला सांगत आले की एसटीत असले डुलत उभे राहणारे कंडक्टर चालले नसते.

अकोल्याला मंगलाच्या दारात आटो थांबला. तिला आईने फोन केला होता, तरी ती दारात आली ती हात बांधूनच. "आली का आठवन?"

"हिशोब कराले आलो," भाऊ म्हणाले. "बुकिंगबाई हारल्या. लय महाग पडली गाडी."

मंगलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. ती घर दाखवायला निघाली. स्वयंपाकघर, वरचा जिना, मग मागची एक खोली. खाट, खिडकी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खालच्या बाजूला खाकी गणवेशातल्या भाऊंचा, तिकिटांची पेटी गळ्यात. "हे तुमची खोली होती," मंगला म्हणाली. होती म्हणाली. भाऊंनी खोलीतलं आतलं दार ढकललं. आत बाथरूम होतं, खोलीला लागून, भिंतीला धरायला दांडा बसवलेला. त्यांनी दार हळूच लोटलं आणि खाटेवर बसले.

"तुयावर राग नव्हता व माय," ते म्हणाले. "मायाच्यानं धरवत नाई आता. बसमधी तमाशा झाला माया. तुले कसं सांगू?"

मंगला खाली त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली. "इतकंच होतं, बाबा? इतकंच?" मी आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवायच्या निमित्ताने भांडी वाजवत राहिलो.

संध्याकाळी निघताना भाऊ म्हणाले, मी आठ दिवस राहतो. मला आटोपर्यंत सोडायला ते एकटेच आले. मी म्हटलं, भाऊ, मानलं तुम्हाला. आटो धरले, चहा धरला, गाडी महाग पडली. कोजागिरीला कबूल करते.

"बुकिंगबाई," ते म्हणाले, "तुमाले हाराची सवय नाई, म्हनून धड हारता येत नाई. रेल्वेत जिंदगी काढलेली बाई खिडकीची सीट देऊन संडासाजवळची घेते का?" मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हात वर केला. "राहू द्या. हिनं सांगतलं असन. मी लय लोकाइसाठी सिंगल बेल देल्ली, त्याईले समजू न देता. देनाराचा हात मी वळखतो. मायासाठी पहिल्यानं कोनी देल्ली." आणि मग आटोच्या टपावर हाताने दोन थापा मारल्या. डबल बेल. आटोवाल्याने खरंच गाडी काढली, आणि मला डोळे पुसायलाही थांबता आलं नाही.

हे लिहायच्या आधी मी भाऊंना विचारलं. नाव बदलू का, असंही विचारलं. म्हणाले, "कशाले? लिहा. आन हेई लिहा, का थ्या कंडक्टर पोट्टीले मी भेटून आलो. तिले म्हनलं, तुयी काई चूक नव्हती, मीच मांगतलं नाई. कोनी म्हातारं चूप बसून घामेजताना दिसलं तं इचारू नको, बेल दे." तेव्हा तेही लिहिलं.

कोजागिरीला मी दुधाचा ग्लास हातात घेऊन सगळ्यांसमोर हार कबूल केली. भाऊंनी आटोचं भाडं, चहा, तिकीट सगळं पुन्हा मोठ्याने वाचून दाखवलं आणि कॉलनीने टाळ्या वाजवल्या. आता दर महिन्याला आम्ही तिघं मंगलाकडे जातो. दर खेपेला नव्याने हिशोब होतो. दर खेपेला आम्ही गाडीनं जातो, आणि दर खेपेला एसटी जिंकते.